सहा नंबरचं बारसं

तिखटाचा हात धुऊन थंड होत नाही. साबण लावा, चिंच चोळा, खोबरेल जिरवा. मिरची कातडीच्या आत शिरते आणि आपल्या सवडीनं बाहेर पडते.

नेपच्यूनजवळून पाठवलेला फोटो पृथ्वीवर पोचायला चार तास लागतात.

आमच्या गल्लीत दोन दगडू, एक धोंडू, एक केरबा आणि एक भिकाबाई. सगळी धडधाकट माणसं.

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करते आणि नाव सांगते. त्या वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. का घालतात ते कुणी सांगत नाही. चांगले जोरात घालतात.

कोल्हापूर ते मिरज एसटीनं दीड तास.

*

“आणि हा सहावा,” माझा भाऊ म्हणाला, आणि पडद्यावर काहीच दिसलं नाही.

गारगोटीच्या शाळेतला हॉल. भर दुपारी खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केलेला. पडदा म्हणजे हेडमास्तरांच्या घरचं धोतर. सर्जेराव कोल्हापुरात कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्लाइडचं मशीन पिशवीत घालून गावोगाव आकाश दाखवत हिंडायचा. त्या वर्षी, एकोणनव्वद साली, एक यान नेपच्यूनजवळून गेलं होतं आणि तिथं सहा नवे चंद्र सापडले होते. त्याच्या स्लाइड त्यानं कुठून कुठून पत्रं धाडून मिळवल्या होत्या. डिसेंबरात पहिल्यांदा दाखवत होता. बायकोला आणि मला मुद्दाम घेऊन आला होता.

“कुठं हाय?” पहिल्या रांगेतला एक पटकेवाला म्हातारा म्हणाला. “आमाला तर धोतरावर उवा पडल्यागत दिसतंय.”

हॉल हसला. सर्जेरावानं काठीचं टोक एका ठिपक्यावर टेकवलं. “त्यातलीच ही एक ऊ.”

“केवढा म्हनायचा?”

“इथनं नाही, कोल्हापुरातनं एसटीत बसा, मिरजेला उतरा, आणि थोडं पुढं चालत जा. एवढा रुंद.”

“एवढाच? आनि त्याला चंद्र म्हंत्यात?”

“ग्रहाभोवती फिरतोय ना, मग चंद्रच. सगळ्यात बारका आणि ग्रहाच्या सगळ्यात जवळचा. सात तासांत एक फेरी मारतोय बिचारा.”

“नाव काय त्याचं?”

“नाव नाही अजून. सध्या नंबर. सहा नंबर.”

“का ओ?”

“रीतच आहे तशी. नवा चंद्र दिसला की आधी नंबर द्यायचा. मग बघत राहायचं. ठरल्या वाटेनं फिरतोय, परत येतोय, असं नक्की झालं की मग नाव.”

म्हाताऱ्यानं पुढं वाकून धोतराकडं बघितलं. “म्हंजे जगतंय का बघत्यात.”

“तसंच म्हणा.”

“आनि न्हाई जगलं तर?”

“तर नंबर रद्द. आपलीच नजर चुकली असं समजायचं.”

माझ्या शेजारी शैला बसली होती, माझी भावजय. पाचवा महिना. पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन फोडत होती. ती अंधारात हसली आणि माझ्या हातावर चार दाणे ठेवले. पाचवा महिना कुणाला सांगितलेला नव्हता. यांचा पहिला मुलगा, अभिजित, दीड महिन्याचा होऊन गेला होता. चार वर्षं झाली होती त्याला. त्याचं बारसं मीच केलं होतं, नावही मीच सुचवलेलं.

परतताना हेडमास्तरांच्या जीपमध्ये शैला म्हणाली, “अहो, मग आपल्याकडचा कितवा नंबर?”

“सहाच,” सर्जेराव म्हणाला. “सगळ्यात आतला, सगळ्यात बारका, आणि सगळ्यात उशिरा सापडलेला.”

“लाथा मारतोय सहा नंबर.”

“मारू दे की. फिरतोय म्हणजे.”

तिथून ते सुरू झालं. गमतीत.

*

माझं मसाला कांडप होतं. नवरा गेल्यावर मशीन घेतलं, घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. कोल्हापुरात वर्षाची चटणी एकदाच करतात, फेब्रुवारी ते एप्रिल. तेवढ्या दिवसांत जे मिळेल त्यावर बाकीचं वर्ष. त्या दिवसांत गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो आणि मला शिव्या देत जातो.

ऐन फेब्रुवारीत शैलाला सातव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी. माझ्या ओंजळीत मावली असती एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

पेटीला दोन बाजूंना दोन गोल भोकं होती, त्यांना झडपा. भोकातून हात घालायचा, बाळाला नुसतं धरायचं, उचलायचं नाही. थोरात सिस्टर म्हणून एक बाई त्या खोलीच्या राणी होत्या. मिरजेच्या ख्रिस्ती घरातल्या. उंच, काळ्यासावळ्या, केसात एक चापसुद्धा वाकडा नाही.

“तुम्ही कोण?” त्यांनी विचारलं.

“आत्या.”

“हात दाखवा.”

मी दाखवले. त्यांनी हातांचा वास घेतला आणि मागं सरकल्या. “काय करता तुम्ही?”

“मसाला कांडते.”

“मग काचेतनं बघायचं. हात नाही घालायचा. तिच्या कातडीला पाणीसुद्धा लागतं, मिरची काय लागेल?”

“धुऊन आलेय की.”

“डोळ्याला लावून बघा तुमच्याच.”

मी लावून बघितलं. पदरानं डोळा दाबून कॉरिडॉरमध्ये बसले. थोरात सिस्टर ओला बोळा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “लावायला सांगितलं म्हणून लावायचा असतो होय?”

दुसऱ्या दिवशी मी कांडपाला कुलूप घातलं.

मिरच्यांची पोती उतरवायला आलेली शिंदे वहिनी दारातच उभी राहिली. “हंगामात कुलूप? काय खूळ लागलंय का शालनबाई? तुमचं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाईल.”

“जाऊ दे.”

“एकदा गेलं की परत येत नाही बरं.”

“वहिनी, जाऊ दे म्हणलं ना.”

दिवसातून तीनतीनदा हात चिंचेनं घासून, तेल लावून, पुन्हा धुऊन, मी रोज थोरात सिस्टरांपुढं धरायचे. त्या वास घ्यायच्या, मान हलवायच्या. नाही. एका सकाळी त्यांनी माझं बोट घेतलं, स्वतःच्या ओठाला लावलं, आणि झडप उघडून दिली.

हात आत गेला. आत उबदार होतं, गाभाऱ्यासारखं नाही, भाकरी ठेवलेल्या फडक्यासारखं. मी तळहात तिच्या पोटावर ठेवला आणि पोट दिसेनासं झालं.

*

पेटीवर चिकटपट्टी होती: बेबी ऑफ शैलजा.

“हे काय नाव झालं?” आई म्हणाली. आमची आई पंच्याहत्तरीची. दवाखान्यात यायचं म्हणजे नऊवारी, नथ, सगळं घालून यायची. “सर्जा, मी सांगते ऐक. धोंडाबाई ठेव. धोंडाबाई म्हणलं की यमसुद्धा बघत नाही. धाकट्या मावशीचं तेच केलं, ती अजून भाकऱ्या थापतीया.”

“आई, तो सहावा चंद्रही धोंडाच आहे,” सर्जेराव म्हणाला. “पण नाव नको. नंबर आहे की.”

“नंबर एसटीला असतो रे मुडद्या.”

“बारा दिवस होऊ देत, मग बघू,” मी म्हणाले.

“बारा दिवसांनी पण नाही.” तो हसत होता, पण हातातली किल्ली सारखी फिरवत होता. “आक्का, इकडं ये.”

जिन्याखाली नेलं त्यानं मला. तिथं सलाइनच्या रिकाम्या बाटल्यांची खोकी होती. एका खोक्यावर तो बसला. चौतिशीचा माणूस, पण गुडघे जवळ घेऊन बसला की शाळेतला दिसायचा.

“तू आत्या आहेस. तू कानात सांगितल्याशिवाय नाव होत नाही. बरोबर?”

“तशीच रीत आहे.”

“तर सांगू नकोस. वाट पक्की होऊ दे तिची.”

“कधी होते वाट पक्की?”

“घरी आली की.”

“सर्जा, चंद्राचं वेगळं रे. इथं माणूस आहे.”

“आक्का, शैलासाठी म्हणतोय मी.” त्यानं किल्ली खिशात टाकली. “अभिजितच्या वेळचं तुला माहीत नाही. गल्लीत त्या कुलकर्ण्यांचा अभ्या आहे ना, त्याला कुणी हाक मारली की…”

पुढचं मी विचारलं नाही. शैलाचं काय होत असेल ते मला दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं.

“माझ्या गळ्याची शपथ घे,” तो म्हणाला.

मी त्याच्या गळ्याला हात लावला. तोवर माझे हात थंड झाले होते.

आणि मग तो वर गेला, पेटीच्या भोकातून हात घातला आणि म्हणाला, “काय सहा? आज काय म्हणताय?”

दिवसातून चारदा यायचा. कॉलेजात जाताना, येताना, मधल्या सुट्टीत. आला की काचेवर दोनदा टकटक, मग “सहा, ए सहा”. थोरात सिस्टरांनी एकदा विचारलं, “सर, सहा काय?” त्यांना त्यानं पूर्ण नेपच्यून सांगितला. त्यांनी कापूस दुमडत दुमडत ऐकला आणि म्हणाल्या, “म्हणजे तिकडंही आमच्यासारखंच. आधी बेबी ऑफ.”

*

ती वाढत नव्हती. दूध नळीनं जायचं, थोडं राहायचं, थोडं परत यायचं. मग छाती भरली. डॉक्टर इनामदार तरुण होते, खोटं बोलायला शिकले नव्हते. एका सकाळी त्यांनी सर्जेरावाला चिठ्ठी दिली. इंजेक्शन कोल्हापुरात कुठंच नव्हतं, मिरजेला मिळेल म्हणाले.

“स्कूटरवर जातो,” सर्जेराव म्हणाला.

“एसटीनं जा,” शैला कॉटवरून म्हणाली. “डोकं ठिकाणावर नाही तुमचं. पडाल कुठंतरी.”

तो एसटीनं गेला.

अकराच्या सुमाराला थोरात सिस्टर वॉर्डाच्या दारात आल्या. त्या कधी पळत यायच्या नाहीत. आल्या, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. शैलानं त्यांच्याकडं बघितलं आणि पाय खाली सोडले. टाके ओले होते. मी तिला काखेतून धरलं. ती माझ्यावर भार टाकून चालत होती, पण मला ओढत तीच होती.

पेटीत मुलगी निळसर पडली होती. बरगड्यांमध्ये खळगा पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा खळगा. डॉक्टर बोटानं तिच्या तळपायावर टिचक्या मारत होते. टिचकी मारली की श्वास घ्यायची. जणू विसरत होती आणि ते आठवण करून देत होते.

“वन्सं,” शैला म्हणाली, “नाव ठेवा.”

“शैला…”

“मी ठरवलंय. पहिल्या दिवशीच ठरवलंय. सांगते तुम्हाला.”

“अगं, त्याला शब्द दिलाय मी.”

“मी दिलाय का?” तिचा आवाज चढला नाही. “दहा दिवस झाले, सगळे तिला नंबरानं बोलवतात. मी आई आहे तिची. मी नंबर नाही काढला पोटातनं.”

“तो येऊ दे. दोन तासांत येईल.”

“ही थांबेल दोन तास? विचारा डॉक्टरांना.”

डॉक्टर इनामदारांनी मान वर केली नाही. टिचकी मारत राहिले.

शैलानं माझा कान जवळ ओढला आणि नाव सांगितलं. ऊन ऊन श्वास होता तिचा, ताप होता अंगात. मी ते नाव ऐकलं, आणि मग ते माझ्या तोंडात होतं, आणि आता काय करायचं?

भोकातून हात जातो, तोंड जात नाही.

मी थोरात सिस्टरांकडं बघितलं. त्या डॉक्टरांकडं बघत होत्या. डॉक्टरांनी आणखी एक टिचकी मारली. मग ते बाजूला सरकले आणि सिस्टरांनी पेटीचं झाकण उचललं.

“पटकन,” त्या म्हणाल्या. “ऊब जाते.”

मी वाकले. तिचा कान भिजवलेल्या हरभऱ्याच्या सालीएवढा. इतक्या जवळून तिला एक वास होता, दुधाचा नव्हे, स्पिरिटचा नव्हे, तिचा स्वतःचा. मी कुर्र केलं. माझं कुर्र बाजाराला ऐकू जातं म्हणून बारशाला बायका मला हसायच्या. त्या दिवशी ते मलाच ऐकू आलं नाही. मग नाव सांगितलं. तीनदा सांगायचं असतं, तीनदा सांगितलं.

आणि माझ्या पाठीत एक बुक्का बसला.

मी दचकून मागं बघितलं. थोरात सिस्टर होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी झाकण धरलं होतं.

“कुणीतरी घालायला पाहिजे ना,” त्या म्हणाल्या, आणि झाकण मिटलं.

*

सर्जेराव आला तेव्हा इंजेक्शनचा बर्फाचा डबा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. एसटीत उभ्यानं आला होता, डबा कुणाला धरायला दिला नव्हता. ती होती अजून. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. द्यायचं म्हणून दिलं.

त्यानं काचेवर टकटक केली. हात आत घातला. करंगळी तिच्या मुठीत सरकवली.

“सहा,” तो म्हणाला. “ए सहा. बघ की, मिरजेला जाऊन आलो तुझ्यासाठी. अख्खा चंद्र ओलांडून आलो गं. ए सहा. सहाबाई. सहू.”

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तेव्हा मला कळलं की यानं नाव कधीच ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी, जीपमध्ये. आणि ते त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

चार वाजायच्या आत ती गेली. बाहेर ऊन होतं. खिडकीखाली कुणीतरी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालवत होतं आणि त्याचे घुंगरू वाजत होते. डॉक्टर टिचक्या मारायचे थांबले, तेव्हा सर्जेराव त्यांना म्हणाला, “मारा की.” मग पुन्हा म्हणाला, “मारा की हो, घेईल ती.”

*

कॉरिडॉरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मध्ये शैला.

“आक्का,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “नाव नाही ना ठेवलंस?”

मी काही बोलायच्या आत शैला म्हणाली, “का?”

“ठेवलं नसेल तर बरं झालं. म्हणजे, तुझ्यासाठीच म्हणत होतो मी. त्या अभिजितसारखं पुन्हा नको. कुणी हाक मारली की दाराशी…”

“कोण जायचं दाराशी?”

तो बाकाच्या रंगाचा पोपडा नखानं काढायला लागला.

“वन्सं, तुम्ही ऐका. कुलकर्णीण तिच्या पोराला हाक मारायची, अभ्या, ए अभ्या. आणि हे पुस्तक खाली टाकून दाराशी जायचे. कडी काढून उभे. मी गॅस बंद करायचे आणि ह्यांना हाताला धरून आत आणायचे. चार वर्षं आणलं. एकदाही बोलून नाही दाखवलं.” तिनं पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. “माझ्यासाठी म्हणे.”

गुऱ्हाळाचे घुंगरू थांबले. सर्जेराव दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला होता, परीक्षेत बसवलेल्या मुलासारखा.

“ठेवलंय नाव,” शैला म्हणाली. “चांगलं ठेवलंय. माझं आहे, वन्संचं आहे, तिचं आहे. तुम्हाला नको होतं ना? मग नका घेऊ.” आणि माझ्याकडं वळून, “तुम्हाला माझी शपथ. मी आहे तोवर ह्यांना सांगायचं नाही.”

असं माझ्या गळ्यात दोघांच्या दोन शपथा आल्या. एक मोडली होती, दुसरी लगेच घातली गेली.

लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. खांदा लागत नाही. बापानं हातावर न्यायचं. बायका जात नाहीत, मी गेले. त्यानंच म्हटलं, “आक्का, चल,” आणि मला नाही म्हणता आलं नाही. नदीकडच्या मोकळ्या जागेत एका माणसानं खड्डा करून ठेवला होता. कुदळीवर रेलून तो म्हणाला, “नाव घेऊन माती द्या, साहेब.”

सर्जेरावानं मूठभर माती घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

असं त्यानं माझ्याकडं एकदाच पूर्वी बघितलं होतं, चौथीत असताना, विहिरीत पाय घसरून कपारीला लोंबकळत होता तेव्हा. तेव्हा मी हात दिला होता.

मी खाली बघितलं. माती पडल्याचा आवाज आला. तो काही बोलला नाही.

*

कांडप मी पुढच्या आठवड्यात उघडलं. शिंदे वहिनी परत आली नाही. बाकीच्या आल्या.

सर्जेरावानं स्लाइडचं मशीन कॉलेजला देऊन टाकलं. शिकवत राहिला. माझ्याकडं रविवारी यायचा, चटणीच्या पुड्या बांधायला मदत करायचा. पुड्या मोजताना पाच म्हणायचा, मग ओठ मिटायचा, एक पुडी ठेवायचा, मग सात. मी कधी दाखवून दिलं नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला, “नाव मिळालं त्याला.”

“कुणाला?”

त्यानं बोटानं वर दाखवलं. मी मशीन बंद केलं.

“नायड ठेवलंय. आपल्याकडं पाण्यात आसरा असतात ना, तसल्या तिकडच्या.”

“वाट पक्की झाली म्हणायची.”

“त्यांना तसं वाटतंय,” तो म्हणाला आणि शिंकला.

शैला आणि तो एका घरात राहिले, एका ताटाशी बसले, वर्षातून एकदा कोकणात जायचे. शैलानं त्याला वाईट कधी वागवलं नाही. त्याच्या शर्टाची बटणं, त्याची बीपीची गोळी, सगळं तिच्या हातात. फक्त कधीमधी ती स्वयंपाक करता करता स्वतःशी ते नाव घ्यायची, आणि तो खोलीत आला की थांबायची. त्यानं मला कधी विचारलं नाही. तिला विचारलं असेल का, ते मला माहीत नाही. तिला पुन्हा मूल झालं नाही.

शैला दोन हजार अकरात गेली. किडनी. शेवटच्या दिवसांत तिनं मला शपथेतून सोडवलं नाही, आणि बांधलंही नाही. “वन्सं, तुमचं तुम्ही बघा,” एवढंच म्हणाली. तिच्यामागं ते नाव जगात फक्त माझ्या तोंडात राहिलं. साठी ओलांडलेली बाई मी. रोज दात घासताना वाटायचं, आज चक्कर येऊन पडले तर?

तरी मी आपणहून सांगायला गेले नाही. ज्यानं नको म्हटलं त्यानं मागावं, असं मला वाटत होतं.

*

दोन हजार तेरा, ऑक्टोबर. सकाळी मी पोहे परतत होते. फोन.

“आक्का, सापडला.”

“काय रे?”

“सहा.” तो आकडा त्याच्या तोंडून मी तेवीस वर्षांनी ऐकला. “सहा नंबर. तुला सांगितलं नव्हतं मी. तो हरवला होता. यान गेल्यावर नंतर कुणाला दिसलाच नाही. मोठमोठ्या दुर्बिणी लावल्या, हिशेबानं जिथं असायला पाहिजे तिथं बघितलं. नाहीच. मला वाटलं, संपला. मला वाटलं, आपलीच नजर चुकली होती.”

“मग?”

“तो होता गं. जुन्याच फोटोंत होता. हिशेब चुकला होता. तो पार पुढं निघून गेला होता आणि सगळे मागं शोधत बसले होते.” श्वास घेतल्याचा आवाज आला. “इतकी वर्षं फिरतच होता, आक्का. कुणी बघत नव्हतं तरी.”

मी गॅस बंद केला.

“आक्का.”

“बोल.”

“शैलाला जाऊन दोन वर्षं झाली.”

“होय.”

“आता चालेल का सांगितलंस तर?”

मी स्टूल ओढून बसले. फोन दुसऱ्या कानाला घेतला, मग पहिल्याच कानाला घेतला. तोंडापुढं तळहाताचा आडोसा केला, घरात कुणी नव्हतं तरी. आणि बासष्ट वर्षांच्या बाईनं सत्तावन्न वर्षांच्या भावाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. तीनदा.

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“बारक्या पोरीला केवढं मोठं नाव,” तो म्हणाला.

“शैलानं ठेवलंय.”

“तिचंच असणार. मला सुचलं नसतं.”

मग त्यानं ते नाव घेतलं. आधी हळू, मास्तर हजेरीत पहिल्यांदाच आलेलं नाव वाचतात तसं. मग जरा मोठ्यानं. मग अगदी मोकळ्या आवाजात, गल्लीत खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलवावं तसं. पुन्हा पुन्हा. मी मध्ये बोलले नाही. त्याचा आवाज बसेपर्यंत मी फोन धरून होते.

*

जन्मली तेव्हा ती रडली होती. एकदाच, पण खणखणीत. मी बाहेर बाकावर बसले होते, मला ऐकू आलं होतं.